सह्याद्री धावला म्हणतात, पण यशवंतरावांनी दिल्लीत नेमकं केलं काय?

कराडकर७७
भाच्याचं १२ मार्चला शाळेत भाषण आहे, मी लिहून देतोय. पहिली ओळ ठरलेलीच, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. पण तारखा बघायला गेलो तर यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली २१ नोव्हेंबर १९६२ ला आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली ती पण त्याच दिवशी, मग सह्याद्री पोचेपर्यंत लढाई संपलीच होती की! टिंगल नाही हां, आमच्या आजोबांनी त्यांचा फोटो देवघराशेजारी लावलाय. खरंच विचारतोय, पुढची चार वर्षं त्यांनी तिथे काय केलं? आपल्याकडे सहकार, पंचायतराज यावर भरभरून बोलतात आणि मग डायरेक्ट गृहमंत्री.

फाईलवाला
लढाई थांबली होती हे बरोबरच, त्यांना जिंकायला नाही, झालेला पसारा आवरायला बोलावलं होतं. आधीचे संरक्षणमंत्री मेनन गेलेले, लष्करप्रमुख थापर गेलेले, मंत्री आणि जनरल लोकांचं फाटलं होतं ते तर १९५९ पासून, तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या यांच्या राजीनाम्यापासून. ह्यांनी काय केलं तर तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव रोज सकाळी एका टेबलाशी बसवले. वाचायला फुसकं वाटतं, पण आधी तेच होत नव्हतं ना. मग १९६४ पासूनची पाच वर्षांची योजना, सव्वाआठ लाखांचं सैन्य, ४५ स्क्वाड्रनचं हवाईदल, डोंगरात लढायला वेगळ्या डिव्हिजन. मे १९६४ मध्ये सामान मागायला अमेरिकेत गेले, तिथे असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली, तसेच परत. एफ-१०४ लढाऊ विमानं अमेरिकेने काही दिली नाहीत, मग मॉस्को गाठलं.

ओझरची_मी
आणि ओझर विसरलात! १९६३ ला ते नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि १९६४ ला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आमच्याकडे, नाशिकजवळच्या ओझरला आला. बाबा तिथेच रिटायर झाले, नाशिककरांचं ऋण फेडलं म्हणायचे. लहानपणी डोक्यावरून विमान गेलं की जेवण टाकून अंगणात पळायचो.

शंकासूर
आरती झाली असेल तर बोलू का? १९६२ च्या पराभवाच्या चौकशीचा अहवाल, हेंडरसन ब्रूक्स, ह्यांच्याच काळात आला, संसदेत सप्टेंबर १९६३ ला फक्त सारांश सांगितला आणि सरकारने तो अहवाल आजवर उघड केलेला नाही. आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात १ सप्टेंबरला जम्मूतल्या छांबवर जुनाट व्हॅम्पायर विमानं पाठवली, चार गमावली.

फाईलवाला
अहवालाचं मान्य, ते झाकलंच. विमानांचं अर्धंच सांगताय पण. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांच्या ऑफिसात आले, छांबला पाकिस्तानी रणगाडे आत घुसलेले, दिवस मावळायला थोडाच वेळ. शास्त्रीजींना विचारतो, कॅबिनेट बोलावतो असं न करता काही मिनिटांत परवानगी दिली आणि साडेपाचच्या आत पठाणकोटवरून विमानं उडाली. १९६२ मध्ये लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, वापरायची की नाही यावरच घोळ. कुठलं विमान पाठवायचं हे हवाईदलाचं काम, पाठवा म्हणायचं काम मंत्र्याचं, ते त्यांनी वेळेत केलं. उलटलं असतं तर सगळं ह्यांच्याच गळ्यात आलं असतं.

शंकासूर
हे पटलं. अहवालाचं मात्र सोडणार नाही.

कराडकर७७
आभारी आहे मंडळी. मग पहिली ओळ ठेवू का काढू?

ओझरची_मी
ठेवा हो. खाली तो दुपारी चारचा प्रसंग घाला, पोरं तेवढंच ऐकतील.