‘आकांक्षाओं को चरितार्थ किया’ हे मराठीत कसं म्हणाल?

येरळाकाठची
एका शब्दापाशी दोन दिवस अडले आहे. आमचं मूळ गाव विट्याजवळ. माझे वडील, आण्णा, १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून कानपूरला गेले, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर, मग स्वतःची भट्टी. आता भाऊ तिकडे धंदा बघतो आणि आण्णा गावी असतात. भावाची मुलगी यंदा सी.ए. झाली. तिकडच्या आपल्या मंडळींनी तिचा सत्कार केला, हिंदीत सन्मानपत्र दिलं. त्यातलं एक वाक्य: ‘आपने अपने पितामह की आकांक्षाओं को चरितार्थ किया है।’

भावाने फोटो पाठवला, तो मी आण्णांना वाचून दाखवला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “चरितार्थ तर मी चालवला की गं. पोरगी आत्ता पास झालीया.” आवाज दुखावलेला होता. सराफ्यातली हिंदी ते फाडफाड बोलतात, पण हा शब्द तिथे कुणी बोलत नाही. मी म्हटलं, हिंदीत याचा अर्थ वेगळा आहे. त्यांनी विचारलं, मग तो काय आहे? मला धड सांगता आलं नाही.

आता गावच्या जत्रेत तिचा सत्कार आहे आणि मानपत्र मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बुधवारी छापखान्यात मजकूर द्यायचा आहे. ‘आजोबांच्या महत्त्वाकांक्षा पूर्ण केल्या’ असं लिहून बघितलं, पण ते कोरडं वाटतं. काय लिहू?

माणदेशी मास्तर
ताई, आधी शब्द नीट बघू. मी एकतीस वर्षं हिंदी शिकवली आणि दरवर्षी या शब्दाला वर्गात अडखळणारी मुलं भेटली, त्यामुळे आण्णांचं काही चुकलं नाही.

मुळात हे संस्कृत विशेषण आहे. चरितः अर्थः येन, म्हणजे ज्याने आपला हेतू पुरा केला तो. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव चार मुखांनी बोलतो तेव्हा शब्दांची चौपदरी प्रवृत्ती ‘चरितार्था’ झाली, असं कालिदास म्हणतो. म्हणजे सार्थकी लागली. हिंदीने ते विशेषणच ठेवलं: चरितार्थ होना, चरितार्थ करना. मराठीत त्याचं नाम झालं. आपल्याकडे चरितार्थ ‘चालतो’, ‘भागतो’, चरितार्थाचं ‘साधन’ असतं. आण्णांच्या कानाने ते वाक्य नाम म्हणून ऐकलं, म्हणून त्यांना वाटलं की आपण केलेलं काम नातीच्या नावावर टाकलं.

मात्र सन्मानपत्र लिहिणाऱ्यानेही शब्द जरा ताणलाय. हिंदीत चरितार्थ होते ती बहुधा कहावत, उक्ति, नाहीतर माणसाचं नाव. ‘अधजल गगरी छलकत जाए, यह कहावत चरितार्थ हो गई’, असं. आकांक्षा असेल तर साकार करना, पूर्ण करना. फारच सजवायचं असेल तर मनोरथ सिद्ध होना, फलीभूत होना. चरितार्थ चूक म्हणणार नाही, औपचारिक लिखाणात तो येतो. पण तो निवडणाऱ्याला भारदस्तपणा हवा होता एवढं नक्की.

हरिपूरकर
मास्तर, मला लहानपणी आजोबांनी वेगळं सांगितलं होतं. चरणे अधिक अर्थ. गुरं चरतात तसं माणसाला चरायला लागणारा अर्थ, म्हणजे पैसा. म्हणून चरितार्थ म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. मला तेच पटतं.

माणदेशी मास्तर
आजोबा अगदीच चुकले नव्हते. चर् धातूचे अर्थ फिरणे, वागणे, करणे आणि चरणेही. आचरण, चरित्र, चराऊ कुरण, सगळी त्याचीच लेकरं. पण या शब्दात ‘केलेला, पुरा केलेला’ हा अर्थ आहे, आणि ‘अर्थ’ म्हणजे पैसा नसून हेतू. हेतू पुरा होणे, मग गरज भागणे, मग पोट भागणे, अशा पायऱ्यांनी मराठी अर्थ आला असावा असं मला वाटतं. हा माझा तर्क, दावा नव्हे.

औंधकर
मला यात धोका दिसतो. हल्ली मराठी बातम्यांत ‘ही म्हण चरितार्थ झाली’ असं सर्रास येतंय. आपल्याकडे म्हण ‘खरी ठरते’, नाव ‘सार्थ होतं’, ब्रीद ‘राखलं जातं’. हे सगळं हाताशी असताना हिंदीचा अर्थ आपल्या शब्दावर चढवला, तर उद्या आपलाच ‘चरितार्थ’ आपल्या पोरांना कळणार नाही. ताई, यशवंतराव चव्हाण तुमच्याच भागातल्या देवराष्ट्र्याचे. महाराष्ट्र झाल्या झाल्या १९६० मध्ये भाषा संचालनालय उभं राहिलं, १९६२ मध्ये सरकारी पदांच्या मराठी नावांचा पदनाम कोश आला. कारभार मराठीत चालावा म्हणून केवढे कष्ट घेतले त्या लोकांनी! येरळाकाठच्या ताईंनी मानपत्रात ‘चरितार्थ’ हा शब्द कुठल्याच अर्थाने आणू नये.

मिरज जंक्शन
औंधकर, त्याच पदनाम कोशातले शब्द किती संस्कृत होते तेही बघा की. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, आणि आज ‘संचालक’, ‘अधीक्षक’ आपण सहज बोलतो. शब्द वापराने रुळतो. हिंदीलाही घटनेच्या ३५१ व्या अनुच्छेदाने सांगितलंय की शब्द मुख्यतः संस्कृतातून घ्या. दोघांनी एकाच कोठारातून धान्य नेलं आणि ज्याने त्याने आपल्या परीने शिजवलं, मग चव वेगळी लागणारच.

माझा अनुभव सांगतो. नोकरीला नवा होतो. मला एका वरिष्ठांना हिंदीत अर्ज लिहायचा होता. मी आदर दाखवावा म्हणून ‘मैं प्रयत्न करूँगा’ लिहिलं. शेजारचा बिहारी सहकारी म्हणाला, ‘चेष्टा करूँगा’ लिहा, जास्त शोभेल. मला वाटलं हा माझी नोकरी घालवायला बसलाय. वरिष्ठांची चेष्टा करीन, असं स्वतःच्या सहीने लिहून देऊ? दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. हिंदीत चेष्टा म्हणजे कसोशीचा प्रयत्न, हे पुढे सप्टेंबरमधल्या हिंदी पंधरवड्यात कळलं आणि मी त्याची जाऊन माफी मागितली. त्यामुळे आण्णांना काय वाटलं असेल ते मला कळतं.

औंधकर
तुमच्याच गोष्टीवरून माझं म्हणणं सिद्ध होतं. दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. शिक्षा (हिंदीत शिक्षण), संशोधन (हिंदीत दुरुस्ती), आपत्ती (हिंदीत हरकत) या शब्दांत आधीच गोंधळ आहे, त्यात भर नको.

मिरज जंक्शन
वेगळे ठेवायला माझीही ना नाही. पण कुणाच्या तोंडून आला म्हणून शब्दाला हाकलू नका, एवढंच.

कऱ्हाडची
तुमचं चालू द्या, पण ताईंना बुधवारी मजकूर द्यायचाय. मी सुचवते: ‘आजोबांचे पांग फेडले.’ इतका भरलेला शब्दप्रयोग हिंदीत शोधून सापडायचा नाही. माझी आई शिक्षिका झाली तेव्हा आजीने तिच्या पहिल्या पगाराचं पाकीट देवापुढे ठेवलं आणि एवढंच म्हणाली, “पांग फेडलास गं बाई.” आईला ते अजून आठवतं.

हरिपूरकर
पांग चांगला आहे, पण तो आईबापांचा फेडतात. आजोबांचा कसा? आणि मी तो मुलाच्याच बाबतीत ऐकलाय. शिवाय पांग म्हणजे ददात, पराधीनपण. आण्णांनी स्वतःची भट्टी टाकली, त्यांना कसलं पराधीनपण?

कऱ्हाडची
माझ्या आजीने मुलीला म्हटलं, ते वर लिहिलंच आहे. मुलाच्या बाबतीत ऐकला असेल तर तेव्हा मुलींना शिकवत नव्हते म्हणून. त्यात शब्दाचा काय दोष?

माणदेशी मास्तर
पांगळा आणि पांग यांचं नातं आहे का, यावर माझा एका मित्राशी जुना वाद आहे. तो म्हणतो आहेच, पंगूवरून दोन्ही. मला ‘पांगणे’, म्हणजे विखुरणे, जास्त जवळचं वाटतं. दुष्काळात पांगलेलं घर पुन्हा गोळा करणे म्हणजे पांग फेडणे. माणदेशात राहिलेल्या माणसाला असंच सुचणार.

मिरज जंक्शन
मास्तर, मग ‘फेडणे’चं काय करणार? विखुरलेलं गोळा करतात, फेडत नाहीत. फेडतात ते कर्ज, नवस, नाहीतर वस्त्र.

माणदेशी मास्तर
मुद्दा बरोबर आहे. विचार करतो.

औंधकर
इच्छापूर्तीसाठी आपल्याकडे थेट पसायदान आहे. ‘जो जे वांछील तो ते लाहो प्राणिजात.’ वांछणे आणि लाहणे, दोन्ही क्रियापदं आपली. मानपत्रात ‘आजोबांनी वांछिले ते नातीने लाभविले’ असं का नको?

कऱ्हाडची
ऐकायला सुंदर आहे, पण गावच्या जत्रेत ध्वनिक्षेपकावरून वाचताना ‘वांछिले’ कोण धड उच्चारणार? आणि पसायदानात लाहतो तो स्वतः वांछणारा. इथे वांछलं एकाने, मिळवलं दुसऱ्याने.

येरळाकाठची
सगळ्यांचे आभार. अडचण आणखी एक आहे, ती आधी लिहायला हवी होती. भाचीचं सगळं शिक्षण हिंदी आणि इंग्रजीत झालंय. मराठी बोलते, पण घरातलीच. मी तिला फोनवर ‘पांग फेडले’ वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, “आत्या, कर्जा था क्या दादाजी पर?” चरितार्थ तिला कळतो, पण हिंदी अर्थाने. आजोबाला एक अर्थ लागतो आणि नातीला दुसरा, आणि कागद एकच आहे.

काल संध्याकाळी मग आण्णांनाच विचारलं, तुम्ही तिच्याविषयी काय म्हणाल? ते ओट्यावर बसले होते. तेजाबाने डागाळलेली नखं अजून तशीच पिवळट आहेत, ती एकमेकांवर घासत म्हणाले, “माझा हेत पुरा केला पोरीनं.” मी विचारलं, कसला हेत? म्हणाले, “भट्टीपुढं बसून सांडशीनं मूस धरायचो, तवा पलीकडं गादीवर बसून वही लिहिणारा दिसायचा. आपल्यातलं कुणीतरी त्या बाजूला बसावं, एवढाच.” पन्नास वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं.

कऱ्हाडची
मग आणखी शोधताय कशाला? ‘आजोबांचा हेत पुरा केला’, हेच छापा.

औंधकर
भाव मोलाचा आहे, पण छापील मानपत्रात ‘हेतू’ लिहावं. ‘हेत’ बोलीतला आहे. उद्या कुणी म्हणेल छापखान्याने चूक केली.

कऱ्हाडची
‘हेतू’ लिहिलं की लगेच ‘हेतुपुरस्सर’ आठवतं, कुणीतरी डाव टाकल्यासारखं. ‘हेत’ला तो वास नाही. शुद्ध करायला जाऊन आण्णांचा शब्द मारू नका, कळकळीने सांगते.

माणदेशी मास्तर
आणि गंमत बघा, उत्तरेकडच्या बोलींत ‘हेत’ म्हणजे माया, प्रेम. कानपूरची मुलगी ‘आजोबांचा हेत’ वाचेल तेव्हा तिला कदाचित तेच कळेल. ते चुकीचं कळेल का, हे मला ठरवता येत नाही.

औंधकर
ठरवायला हवं, मास्तर. अर्थ ज्याला जो लागेल तो, असं म्हटलं तर आपण इथे चर्चा कशासाठी करतोय?

मिरज जंक्शन
अवतरणात घाला. ‘आजोबांचा “हेत” पुरा केला’. म्हणजे चूक नाही, मुद्दाम लिहिलंय हे दिसेल.

कऱ्हाडची
अवतरण नको. आपल्या घरातल्या शब्दाला पाहुण्यासारखं का बसवायचं?

हरिपूरकर
हेतवरून आठवलं. आमच्याकडे जमिनीतल्या हळदीच्या पेवाचं तोंड उघडायच्या दिवशी आजोबा म्हणायचे, “घाईचा हेत धरू नका.” तोंड अरुंद, आत घागरीसारखं मोठं. उघडून आतली हवा निवळेपर्यंत कुणालाही उतरू देत नसत, जीव गुदमरतो. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं निकामी झाली. ‘पेव फुटलं’ म्हणतात ते याच पेवावरून ना? की धान्याच्या पेवावरून?

माणदेशी मास्तर
पेव मुळात धान्याचं. पण फुटलं म्हटल्यावर आतला साठा एकदम बाहेर येतो हे चित्र हळदीलाही लागू पडतं. तुमच्याकडे पेव ‘फोडतात’ म्हणतात की ‘उघडतात’?

हरिपूरकर
उघडतात. फोडतात मी तरी ऐकलं नाही. उद्या चुलत्यांना विचारून सांगतो.

येरळाकाठची
बुधवार उद्यावर आला. छापखान्यात ‘हेत’ लिहूनच देतेय, अवतरणाशिवाय. तिथला मुलगा त्याचा ‘हेतू’ करेल म्हणून बाजूला पेनाने लिहिलंय: असाच ठेवावा.