सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं, फ्युएल पंप बदलू का?

वाटसरू_नाशिक
गाडी २०११ ची, पेट्रोल, मॅन्युअल, ९२ हजार किलोमीटर झालेली. हायवेला काही तक्रार नाही, पण नाशकात द्वारका ते सीबीएस जीव नकोसा करते. सिग्नल दिसला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, क्लच दाबला की आरपीएमचा काटा ८०० वर थांबायचा सोडून ५०० च्याही खाली जातो, गाडी थरथरते आणि बंद. बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागतो. किल्ली फिरवली की लगेच चालू, पण तेवढ्यात मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्या उद्धरून मोकळा झालेला असतो.

सकाळी गार इंजिनला होत नाही. एसी लावला की हमखास. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. गॅरेजवाल्याने प्लग आणि एअर फिल्टर बदलले, फरक शून्य. आता म्हणतो फ्युएल पंप टाकू. मी कंटाळले आहे, पण उगाच खर्चही करायचा नाही.

सातारी_बाणा
पेट्रोलमध्ये भेसळ. दुसरीकडून टाकी फुल करून बघा.

गॅरेजकाका_इचलकरंजी
ताई, पंप राहू द्या. पंप दमला असता तर गाडी आधी कसारा घाट चढताना रडली असती, पेट्रोलची खरी भूक तिथे लागते. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, लागतं ते थेंबभर. आणि भेसळ काय, सिग्नल बघून थोडीच येते?

तुम्ही कामाची गोष्ट लिहिलीत ती म्हणजे काटा खाली जातो, थरथर होते, मग बंद. इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर गेला की गाडी बटण दाबून दिवा घालवल्यासारखी बंद होते, भर वेगातसुद्धा, आणि इंजिन गार होईपर्यंत बऱ्याचदा चालूच होत नाही. तुमची गुदमरून बंद पडते. म्हणजे आधी हवा आत जायचा रस्ता तपासायचा.

पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, पाकळी मिटते. मग हवा जाते बाजूच्या बारीक वाटेने, आणि ती वाट किती उघडायची ते आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. इंजिनातली तेलकट वाफ परत इनटेकमध्येच येते, तिची काजळी त्या वाटेत आणि पाकळीच्या कडेला धरते. एसीचा कॉम्प्रेसर लागला की भार वाढतो, व्हॉल्व्ह जास्त हवा सोडू बघतो, पण वाटच चोंदलेली. गार इंजिनला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुळातच रेस वाढवून ठेवतो, म्हणून सकाळी कळत नाही.

गाडी बंद करून फिल्टरकडून येणारा जाड पाइप थ्रॉटलपासून काढायला सांगा. केबल असेल तर पाकळी हाताने उघडून मागच्या कडेवरून बोट फिरवा. काळं, चिकट काही बोटाला आलं की समजा. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून पुसायचं, भसाभस आत फवारायचं नाही. केबल दिसत नसेल तर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, त्याची पाकळी बोटाने ढकलू देऊ नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. व्हॉल्व्ह काढलाच तर त्याची पिन ओढायची नाही. आणि स्टॉपर स्क्रू पिळून रेस वाढवून देतो म्हणणारा भेटला तर गाडी तशीच घरी आणा.

तोवर उतारावर न्यूट्रल अजिबात नको. इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो.

चिपळूणचा_बाब्या
काकांना अनुमोदन, पण ब्रेक बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा डबा) बघितल्याशिवाय सोडू नका. माझी पण थांबतानाच बंद पडायची. क्लच दाबून काही व्हायचं नाही, ब्रेकवर पाय ठेवला की सूं आवाज आणि आयडल ढासळायचं. बूस्टरचा पडदा फाटला होता, हवा तिथून आत ओढली जात होती.

तपासणी फुकट आहे. गाडी सपाटीवर, न्यूट्रल, हँडब्रेक. इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबत राहा, पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर, त्याचा पाइप नाहीतर वन-वे व्हॉल्व्ह.

वाटसरू_नाशिक
बाब्यादादा, पेडल खाली गेलं, आवाजही नाही. काका, थ्रॉटल केबलवालाच निघाला. पाकळीच्या कडेला डांबर म्हणावं असा राप होता, फडकं काळं झालं. व्हॉल्व्हही साफ करून घेतला. आता बंद पडत नाही, पण उभ्या गाडीत काटा १,२०० वर राहतोय. हे काय नवीन?

गॅरेजकाका_इचलकरंजी
ईसीयू अजून चोंदलेल्या वाटेच्या हिशेबानेच व्हॉल्व्ह उघडतोय. रेडिएटरचा फॅन एकदा फिरेपर्यंत गाडी उभी चालू ठेवा, मग थोडा वेळ एसी बंद, थोडा वेळ चालू. नंतर शहरात फिरवा. बऱ्याच गाड्या आपोआप जागेवर येतात, नाही आली तर स्कॅनरवरून आयडल रीसेट करून घ्या. तरीही उतरत नसेल तर काढलेल्या पाइपची क्लिप नीट बसली आहे का बघा, आणि व्हॉल्व्हखालचं गॅस्केट. बिनमोजणीची हवा तिथूनही घुसते.

पेणचा_गणोबा
काका, माझी ऑटोमॅटिक. डी मध्ये थांबताना असाच झटका देऊन बंद होते. थ्रॉटल साफ करू?

गॅरेजकाका_इचलकरंजी
आधी सिग्नलला पोचायच्या थोडं अलीकडे एन मध्ये टाकून बघा. एन मध्ये तगली आणि डी मध्ये मेली तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जखडणारा क्लच, सुटत नसेल. गिअरबॉक्सचा प्रकार आणि गाडीचं साल लिहून वेगळा धागा काढा.