पुरातत्त्वात कोणती शाखा घेऊ? मदत हवी आहे (तातडीने)

चिंचेचा कोळ:
फॉर्मची मुदत संपत आलीय. पुरातत्त्वात एमए करायचं हे पक्कं. घरी मात्र रोज एकच, "पुढे नेमकं काय होणार तू?" शिलालेख, नाणी, उत्खनन, म्युझियम, यातलं स्कोप असलेलं कोणतं? "आवड असेल ते कर" कृपया लिहू नका.

मोडीप्रेमी:
पदवी कशात? लिपी कोणती येते? काहीच लिहिलं नाहीत, स्कोप काय कपाळ सांगणार?

गद्धेगाळ:
पदवी कशातही असो, आधी संस्कृत. वा. वि. मिराशी संस्कृतचेच प्राध्यापक. वाकाटक, शिलाहार या राजघराण्यांचे लेख त्यांनीच संपादित केले. संस्कृत नसेल तर ताम्रपट म्हणजे नुसता पत्रा.

मोडीप्रेमी:
नाणेघाटातला लेख काय संस्कृतात आहे? प्राकृत भाषा आणि ब्राह्मी लिपी आधी.

गद्धेगाळ:
नाशिकला दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे नहपान राजाच्या जावयाचा, लेख बघून या. बराचसा संस्कृतच आहे.

मोडीप्रेमी:
उरलेला प्राकृत कोण वाचणार?

बाळू सासवडकर:
माझ्याकडे एक शिवराई नाणं आहे. किती येतील? फोटो टाकू?

चिंचेचा कोळ:
अहो, धागा माझा आहे! बीएस्सी बॉटनी झालंय. संस्कृत दहावीपर्यंत, तेही मार्कांपुरतं.

घोडनदीकर:
बॉटनी! हे आधी नाही का सांगायचं? शिरूर तालुक्यातलं इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खणलं. ताम्रपाषाणयुगातली वस्ती, लिपीचा पत्ता नाही. तरी तिथले लोक जव पिकवत होते हे कळलंच ना? चुलीतली, बळदातली (धान्य साठवायच्या जागेतली) माती पाण्यात ढवळली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा आजच्या बियांशी ताडून बघायचा. चिमटा जरा दाबला की भुगा. सोबत तणाचं बी निघालं तर आणखी बरं, शेत कसलं होतं ते तण सांगतं. हे पुरावनस्पतिशास्त्र. इतिहासवाले हे पहिल्यापासून शिकतात, तुम्हाला निम्मं येतंय.
हाडांचंही तसंच. जनावरांची बघणारे वेगळे, माणसांची वेगळे. इनामगावात लहान मुलं घराच्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेली. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मुलाचं वय किती, ते दातांवरून काढतात.

गद्धेगाळ:
आणि नोकरी? शिलालेखांसाठी निदान मैसूरला केंद्र सरकारची स्वतंत्र शाखा आहे.

घोडनदीकर:
जागा कमी आहेत, खोटं कशाला बोलू. लखनौला बिरबल साहनी संस्थेत हे काम चालतं, काही विद्यापीठांत चालतं. पण पीएचडीशिवाय कुणी उभं करत नाही.

चिंचेचा कोळ:
पीएचडी? घरी एमएच कसंबसं गळी उतरवलंय.

घोडनदीकर:
मग आत्ता बोलूच नका. एमएला सुरुवातीला सगळंच थोडं थोडं शिकवतात. फॉर्म भरा, हिवाळ्यात एखाद्या उत्खननावर जाऊन चाळणी धरा आणि मग ठरवा.

बाळू सासवडकर:
माझ्या शिवराईचं काय?

मोडीप्रेमी:
वेगळा धागा काढा हो. आणि खणताना सापडली असेल तर १८७८ चा निखात निधी (पुरलेलं धन) कायदा वाचा. दहा रुपयांच्या वर किंमत असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं.

बाळू सासवडकर:
खणलं कुठे? आजोळची भिंत पाडताना मिळाली.

मोडीप्रेमी:
भिंतही धरतात. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपलेलं, असंच कायद्यात म्हटलंय.