पोषण आहारातलं अंडं गेलं, आईच्या खात्यात १५०० आले. तुमचं मत?

माणदेशी
जानेवारी २०२५ मध्ये शासनाने शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचे पैसे देणं थांबवलं. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना कळवलं. नाचणीसत्वातल्या साखरेचंही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलेलं हे अंडं, तेही आठवड्यातून एकदाच. खात नसेल त्याला केळं. वर्षाला पन्नासेक कोटी लागतात असं तेव्हा छापून आलं होतं.

आता दुसरा आकडा. लाडकी बहीण योजनेची २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटी. भागाकार करा, दिवसाला जवळपास १०० कोटी. म्हणजे राज्यभरच्या पोरांचं वर्षाचं अंडं या योजनेच्या अर्ध्या दिवसात बसतं. बहिणींना देऊ नका असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ताटात वाढलेलं पोराच्याच पोटात जातं. खात्यात पडलेलं कुठं जाईल याचा भरवसा नाही. आधी ताट भरा, मग खातं.

रेणुका
"कुठं जाईल याचा भरवसा नाही" ही शंका बाईच्या हातात पैसा आला की लगेच कशी येते हो? बापाच्या पगाराबद्दल असा धागा कधी पाहिला नाही मी.

माझी आई चार घरची धुणीभांडी करते. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले ३००० एकदम आले, जुलै-ऑगस्टचे मिळून. त्यातून वाण्याची जुनी उधारी फिटली. उधारीवर घेताना वाण्याला भाव विचारायची सोय नसते, तो लावेल तो. उधारी फिटल्यावर आई पहिल्यांदा दुसऱ्या दुकानात गेली. धाकट्याला शाळेचे बूट आले. आणि तुमचं ते अंडंही आलं, अख्खा ट्रे. तुम्ही बुधवारी एक देणार, आम्ही रविवारी सगळ्यांनी खाल्लं.

गुरुजी (जि. प. शाळा)
ताई, तुमच्या घरी आलं, आनंद आहे. पण माणदेशींचंही बरोबर आहे. अंड्याच्या दिवशी पट भरायचा, हे मी हजेरीपत्रकात पाहिलंय.

फक्त ते अंडं ताटात कसं यायचं तेही ऐका. सरकारी दर ५ रुपये, दुकानात ७. वरचे दोन रुपये मी घालायचे. आणायची मी, फुटली तर मी, उकडणार आमच्या स्वयंपाकीण मावशी, ज्यांचं मानधन महिना २५००. तेही कधी दोन-तीन महिन्यांनी एकदम. ताटाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यांच्या पगाराचंही एक वाक्य लिहावं.

करदाता पुणेकर
अंडं काय नि १५०० काय, दोन्ही आमच्याच खिशातून. फुकटची सवय लावून गरिबी हटल्याचं एक उदाहरण दाखवा. कामाला पैसे द्या की.

माणदेशी
दाखवतो. पगारपत्रकात दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो ना? १९७५ मध्ये तो रोजगार हमीसाठीच लावला होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची कल्पना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला, पुढे २००५ मध्ये देशाने तोच धडा गिरवला. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामालाच पैसे दिले होते साहेब, आणि तुमच्याच खिशातून. तेव्हा शहर कुरकुरलं असेल, पण बुडालं नाही.

करदाता पुणेकर
हे माहीत नव्हतं. पण मग मुद्दा माझाच सिद्ध झाला ना? काम द्या.

बालरोग
धागा भरकटायच्या आत एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि जवळपास २६ टक्के उंचीच्या मानाने रोड निघाली. पण ही मुलं पाच वर्षांखालची आहेत! शाळेचं ताट पहिलीपासून सुरू होतं, तोवर बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. त्यामुळे शाळा की खातं या भांडणात अंगणवाडी राहूनच जाते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण आणि लहानग्यांना अंडी-केळी २०१५-१६ पासून आहेत. ते राज्यभर करा म्हणून धागा काढा, पहिली सही माझी.

माणदेशी
वयाचा मुद्दा मान्य. पण सहा वर्षांच्या पोराला दुपारी भूक लागते ती लागतेच. त्यासाठी सर्वेक्षण कशाला?

चेन्नैकर मराठी
इथे शाळेत आठवड्याचे पाच दिवस अंडं. २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही. आणि बायकांना महिना १००० रुपये आहेतच. हे की ते, असा प्रश्न इथे कुणी विचारताना ऐकला नाही.

कोयता
बीडकडचा आहे. माझ्या बहिणीची पोरं दसरा-दिवाळीला उसाच्या फडावर जातात, परततात उन्हाळ्यात. निम्मं वर्ष तुमचं ताट गावात आणि पोरं कोल्हापूरच्या पाचटात. हंगामी वसतिगृह आहे, पण ते वेळेवर उघडलं तर. बहिणीला १५०० मिळतात, तेवढ्यावर मुकादमाकडची आगाऊ उचल नको म्हणता येतं का? नाही.

आणि ज्यांना रोख रकमेचं कौतुक आहे त्यांच्यासाठी. मागास आणि गरीब घरच्या मुलींनी चौथीपर्यंत शाळेत यावं म्हणून १९९२ मध्ये रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. माझ्या बहिणीला मिळायचा. पुढं तिच्या मुलीलाही तोच, एक रुपया. रोख रकमेला महागाईचं काही कळत नाही. अंडं मात्र महाग झालं तरी अंडंच राहतं.

रेणुका
हे शेवटचं पटलं. १५०० चंही तसंच होणार, २१०० चं आश्वासन कुठवर आलंय ते आम्ही बघतोच आहोत. पण अंडं अंडंच राहतं म्हणता, तर मग ते एका कागदासरशी गेलं कसं? कोट्यवधी बायकांच्या खात्यातला पैसा असा गपचूप बंद करून दाखवा म्हणावं. आई मतदार आहे, तिसरीतलं पोर नाही.

गुरुजी, तुमच्या शाळेत लोकसहभागाचं काय झालं?

गुरुजी (जि. प. शाळा)
पट ६२. सातच्या दराने आठवड्याला ४३४ रुपये. पहिल्या बुधवारी सरपंचांनी दिले, फोटो काढून. दुसऱ्या बुधवारी किराणावाल्यांनी. तिसऱ्या बुधवारी कुणी नाही, म्हणून मी. चौथ्या बुधवारी पोरांनीच विचारलं, "गुरुजी, आज कुणाचा वाढदिवस?"