'आंतरशाखीय' की सरळ 'मिक्स ब्रँच'?

सोल्डरवाली: कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लिहितेय. वेगवेगळ्या ब्रँचच्या मुलांनी एकत्र प्रोजेक्ट केला, तर त्यांना काय वाटलं? इंटरडिसिप्लिनरी टीमला शब्दकोशात 'आंतरविद्याशाखीय चमू' सापडला. तो उच्चारेपर्यंत कुर्ल्याचं दादर होतं. आम्ही आपले 'मिक्स ब्रँच ग्रुप' म्हणतो.

स्लोलोकल: लांबी सोडा, तो इथे बसतच नाही. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यात विद्याशाखा चारच. त्यांतल्या 'विज्ञान व तंत्रज्ञान' या एकाच विद्याशाखेत तुमचे इंजिनिअरिंगचे मेक (मेकॅनिकल), कॉम्प्स (कॉम्प्युटर), ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) सगळे येतात. अर्थशास्त्राची मुलगी ग्रुपात असती तर गोष्ट वेगळी. 'आंतरशाखीय' घ्या. आणि पहिल्या अक्षराचा काना जपा. 'अंतरशाखीय' छापलं तर चार हात लांब बसलेली मुलं डोळ्यांपुढे येतात.

सोल्डरवाली: लांबच बसायची हो! मग 'बहुशाखीय' का नको?

स्लोलोकल: तीन शाखांनी आपापला तुकडा करून आदल्या रात्री जोडला, की ते बहुशाखीय. एकामुळे दुसऱ्याला आपलं काम बदलावं लागलं, तर आंतरशाखीय. छोट्या उपग्रहात हे बघायला मिळतं. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ला गेला, वजन साधारण दहा किलो. एवढ्याशा खोक्यात बॅटरी वाढवायची तर कुणाच्या तरी वाट्याचे ग्रॅम जाणारच.

कापसातली तूर: गावाकडे आंतरपीक म्हणतात ते हेच ना? माझा आयडी उगाच नाही!

सोल्डरवाली: मग आमचं अर्धं अर्धं. मेकवाल्याने ॲल्युमिनियमचा देखणा डबा केला, कडा घासून गुळगुळीत. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला वायफाय बोर्ड मी आत बसवला, झाकण लावलं आणि सिग्नल गुल. धातूचा डबा रेडिओलहरी अडवतो हे मला माहीत होतं, पण डबा धातूचा करतोय हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कॉम्प्सवाली दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसली. शेवटी झाकण ॲक्रिलिकचं केलं. मुलाखतीत तिघांनीही पहिली तक्रार हीच सांगितली, फक्त प्रत्येकाच्या तक्रारीत दोषी वेगळा.

स्लोलोकल: झाकण बदललं त्या दिवसापासून आंतरशाखीय. त्याआधीचं बहुशाखीय लिहा. 'चमू' मात्र काढा, 'गट' पुरे.

सोल्डरवाली: काढला. मेकवाला म्हणतोय, लेखाला नाव 'झाकण' दे.