जुन्या पीएचपी साइटला एक्स्ट्रॅक्टचं ठिगळ लावावं की नको?

उद्यमबाग_कोडर
शहापूरच्या एका पतसंस्थेची साइट हातात आलीय. पीएचपीच्या (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) रजिस्टर ग्लोबल्सच्या जमान्यातली: फॉर्ममधलं नाव, खातं, रक्कम, सगळं आपोआप ग्लोबल व्हेरिएबल व्हायचं. पीएचपी ५.४ मध्ये (२०१२) ती सोयच काढून टाकली, म्हणून नव्या सर्व्हरवर फॉर्म मुके झालेत. पार्टनर म्हणतो, वरच्या फायलीत रिक्वेस्टवर (ब्राउझरनं पाठवलेल्या माहितीवर) एक्स्ट्रॅक्ट (त्यातल्या प्रत्येक नावाचं व्हेरिएबल बनवणारं फंक्शन) मार, एका ओळीत काम खल्लास. माझं मत: पैशाच्या साइटवर तर मुळीच नको.

खानापूरकर
उगाच बाऊ करालाय. दोष सोयीचा न्हवं, आळशी कोडचा. व्हेरिएबल वापरायच्या आधी त्यात काहीतरी घाला की! ‘ॲडमिन’ला वरच फॉल्स केलं, तर पत्त्यातनं (यूआरएलमधनं) कोण काय पाठवतंय याची फिकीर कशाला? २००२ ला पीएचपी ४.२ मध्ये रजिस्टर ग्लोबल्स डिफॉल्ट बंद केलं, तेव्हाही हाच वाद होता.

टिळकवाडी_कट्टा
तत्त्व बरोबर, खरं एका फायलीत ती फॉल्सची ओळ लिहायची राहून गेली की संपलं. जुनं लॉगिन बघा: पासवर्ड जुळला तर ॲडमिन ट्रू. नाही जुळला तर काय, ते लिहिलेलंच नसतं. खाली नुसतं ‘ॲडमिन असेल तर’. पत्त्याच्या शेपटाला ॲडमिन बरोबर १ जोडा, पासवर्डाशिवाय आत.
आणि एक्स्ट्रॅक्ट त्याहून वाईट. रजिस्टर ग्लोबल्स स्क्रिप्टच्या आधी चालायचं, म्हणून तुमचा फॉल्स नंतर बसून टिकायचा. एक्स्ट्रॅक्ट लिहाल तिथं चालतं आणि आधीचं पुसतं. सेशन सुरू झाल्यावर ग्लोबल स्कोपमध्ये (फंक्शनच्या बाहेर) चालवलंत, तर सेशनचा ॲरेसुद्धा (कोण लॉगिन झालंय ते जपणारी यादी) पत्त्यातनं बदलतो!

खानापूरकर
मग पहिल्या ओळीत लिहा. नाहीतर एक्स्ट्रॅक्टला स्किप फ्लॅग द्या, आधी असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाही.

उद्यमबाग_कोडर
नसलेलं तयार करतंच ना? भोक तिथंच आहे.

निपाणीचा_गडी
सगळं खरं, पण बिल कोण देणार? सेक्रेटरी विचारणार, काल चालत होती, आज का चालंना? फॉर्ममधली फील्ड मोजा, तेवढीच नावं पोस्टमधनं (फॉर्मनं पाठवलेल्या डेटातनं) एकेक करून घ्या. दोन दिवसांचं काम म्हणून सांगा, चार लागतील.

टिळकवाडी_कट्टा
सर्व्हरवर पीएचपी ७ किंवा ८ असेल तर जुनी मायएसक्यूएल फंक्शनंही गेलीत. डेटाबेसला हात घालणारी प्रत्येक फाइल उघडावी लागणारच. मग एक्स्ट्रॅक्टनं वाचवलं काय?

खानापूरकर
तेवढं मान्य. बाकी माझं मत तेच: एक्स्ट्रॅक्ट पहिल्या ओळीत, खाली सगळं इनिशियलाइज (वापरायच्या आधी किंमत घालून). करून बघा, मग बोला.