पुन्हा: डिसेंबरची सायकल सहल, तिसरा दिवस – तवसाळची फेरीबोट की भातगावचा पूल?

प्रेषक: चिटणीस

आपल्या सोलापूरच्या सायकल मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

टेम्पोची आगाऊ रक्कम शुक्रवारपर्यंत द्यायची असल्यामुळे तिसऱ्या दिवसाचा प्रश्न आता लांबवता येणार नाही. गुहागरहून गणपतीपुळ्याला जाताना शास्त्री नदीची खाडी आडवी येते. ती तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून ओलांडायची, की आबलोलीवरून आत जाऊन भातगावच्या पुलाने, एवढेच कळवावे. तारखा आणि खोल्यांची वाटणी यांवर चर्चा पुन्हा उघडू नये, ही विनंती.

प्रेषक: होटगी रस्ता

चिटणीसांनी विचारले म्हणून लिहितो. एरवी माझे मत मागच्या वर्षीपासून सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या वेळापत्रकावर उभा असलेला बेत हा बेतच नव्हे. मागच्या वर्षी दाभोळला आपला टेम्पो फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला जाऊन पोहोचला आणि आपण सात जण अलीकडे उभे राहिलो. पाणी, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचे सामान टेम्पोत, आणि एकाही फोनला रेंज नाही! तिथे बोट चुकली, तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. तवसाळला तसेच झाले, तर आलेला सगळा रस्ता उलटा चढावा लागेल. पूल निदान जागचा हलत नाही. सिंगापूरहून येणारी मंडळी वर्षातून एकदा येतात, त्यांना धक्क्यावर ताटकळत बसवणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रेषक: सिंगापूर (माहेर बाळीवेस)

काकांनी सांगितलेला प्रसंग खरा आहे, पण त्यात बोटीचा दोष नव्हता. टेम्पोचालकाला "तुम्ही पुढे होऊन न्याहारीची सोय पाहा" असे आपल्यापैकीच कोणीतरी सांगितले होते, आणि ते कोणी सांगितले हे काकांना आठवत असेल.

आम्ही इथे सायकल चालवतो ती ईस्ट कोस्ट पार्कच्या सपाट पट्टीवर, मोटारींपासून वेगळ्या राखलेल्या वाटेने. त्यामुळे कोकणात नुसता समुद्र बघायला येण्याचे आम्हाला कारण नाही. आम्हाला हवा आहे तो वाहता रस्ता असूनही शांत असलेला रस्ता. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी आणि पुढे तवसाळ हा रस्ता शांत का आहे, याचा विचार करावा. ज्याला घाई आहे तो महामार्गाने किंवा भातगावच्या पुलाने जातो. ज्या रस्त्याच्या शेवटी धक्का आहे आणि धक्क्यावर वाट पाहणे आहे, त्या रस्त्याला गावातली माणसे, एसटी आणि हेदवीच्या दशभुज गणेशाला जाणारे भाविक एवढेच लागतात. बोटीसाठी थांबावे लागते, म्हणूनच तो रस्ता आपल्याला मिळतो. रेवस ते रेडी सागरी मार्गाच्या नव्या आखणीत जयगडच्या खाडीवरही पूल योजलेला आहे. तो झाल्यावर काकांच्या मनासारखे होईलच, तोवर आम्हाला बोटीने जाऊ द्यावे.

उकाड्याची काळजी आमच्यासाठी करू नये. ती सोलापूरकरांनी स्वतःसाठी करावी.

प्रेषक: डॉक्टर

फक्त उकाड्यापुरते लिहितो. वहिनींचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे घाम आल्याबरोबर वाळतो आणि अंग थंड राहते. किनाऱ्यावर बत्तीस अंशांतही घाम अंगावरच राहतो, त्यामुळे तो किती गेला याचा अंदाज लागत नाही आणि "आम्ही सोलापूरचे, आम्हाला उन्हाचे काय" म्हणणारा माणूस दुपारी पायात गोळे येऊन खाली बसतो. मागच्या वर्षी पालगडच्या अलीकडे बसलेला माणूस मीच होतो, त्यामुळे हे पुस्तकी ज्ञान समजू नये. मीठ-साखर-लिंबाचे पाणी तहान लागण्याआधीपासून घ्यावे आणि अकरानंतर चढ घेऊ नये.

प्रेषक: खजिनदार

डॉक्टरांच्या सूचनेस अनुसरून. लिंबू, मीठ आणि साखर यांचा खर्च सामायिक खात्यातून होईल. महागड्या पुड्यांचा होणार नाही, कारण मागच्या वर्षी आणलेल्या निम्म्या अजून माझ्या कपाटात आहेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेहमीप्रमाणे इथूनच जाईल. चार दिवस टिकणारे, पिशवीत न सांडणारे आणि खारट असे दुसरे काही कोणाला सुचत असल्यास कळवावे.

जाताना टेम्पो पंढरपूर, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण असा जाईल. गुहागर-विजापूर हा एक सलग मार्ग असल्याचे विजापूर रस्त्यावर राहणाऱ्या सभासदांनी पुन्हा सांगण्याची गरज नाही; तो सोलापूरवरून जात नाही.

प्रेषक: होटगी रस्ता

न्याहारीचे मीच सांगितले होते, हे मान्य. परंतु चढांविषयी कोणीच बोलत नाही. आपल्याकडे उड्डाणपूल सोडला तर चढ म्हणून नाही. तिथे प्रत्येक गाव समुद्राच्या पातळीला आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उंच पठार. म्हणजे वेळणेश्वरला उतरायचे, पुन्हा सड्यावर चढायचे, हेदवीला उतरायचे, पुन्हा चढायचे. उंची फार नसते, पण दिवसाची बेरीज घाटाएवढी होते, आणि उतारावर वळणात बारीक खडी असते. ज्यांच्या सायकलींना मागे कमी दात्यांचेच चक्र आहे त्यांनी ते बदलून घ्यावे आणि ब्रेकचे रबर नवे घालावे. पुलाच्या बाजूनेही चढ आहेत, हे कोणी सांगण्याआधी मीच सांगतो.

प्रेषक: सिंगापूर (माहेर बाळीवेस)

काकांच्या पहिल्या वाक्याबद्दल आभार. एक विचारायचे राहिले: आपण उत्तरेकडून दक्षिणेकडेच जात आहोत ना? दुपारचा समुद्रावरचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. तो पाठीवर असला, तर जयगड ते मालगुंड हा शेवटचा भाग सोपा जाईल.

प्रेषक: नवी पेठ

बोट किंवा पूल, कोणतेही चालेल, मात्र परतीचा दिवस वाढवू नये. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी मिरवणुकीत पेलायच्या नंदीध्वजाचा सराव सुरू झालेला असतो आणि घरातून आमची जोडी ठरलेली आहे. याच कारणासाठी मी जानेवारीच्या तारखांना विरोध केला होता, हे नोंदवून ठेवतो.

प्रेषक: चिटणीस

तारखांचा विषय बंद आहे, असे लिहिले होते.

आलेल्या मतांवरून तवसाळची फेरीबोट निश्चित करीत आहे. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच आहे. गुहागरहून उजाडताच, साडेसहाला निघायचे. टेम्पो सर्वांच्या मागे राहील आणि शेवटचा सायकलस्वार धक्क्यावर आल्याशिवाय बोटीत चढणार नाही. चालकाला न्याहारीसह कोणतीही सूचना फक्त मी देईन. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर चौकशी करून बोट चालू असल्याची खात्री होटगी रस्त्यावरच्या काकांनी करावी, कारण त्यांच्याइतक्या बारकाईने ती दुसरे कोणी करणार नाही. बोट बंद असल्यास त्याच वेळी भातगावच्या पुलाचा निर्णय घेता येईल. जयगडला उतरल्यावर निवळीकडे जाणारा रस्ता धरू नये, त्यावर बंदराचे अवजड ट्रक असतात; वरवडे, मालगुंड असे किनाऱ्याने यावे.

सायकलच्या टायरचे माप अजून चौघांनी कळवलेले नाही. ट्यूब इथूनच न्यायच्या आहेत, तिथे बारीक मापाच्या मिळत नाहीत.

प्रेषक: होटगी रस्ता

चौकशी करतो. पूल लक्षात असू द्यावा. माझे माप अठ्ठावीस.